टेबलावरचा सह्याद्री
ऐतिहासिक लढाईच्या खेळासाठी देखणी आणि उपयोगी रणभूमी कशी करावी?

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कित्येकांनी अंगणात किल्ला केला असेल. दगडविटा रचायच्या, त्यांवर जुने पोते पांघरायचे, वर चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवागार होतो. मग बाजारातून आणलेले मावळे त्यावर उभे करायची वेळ येते, आणि इथेच घोटाळा होतो. बुरुजावरचा मावळा उभा राहतो, पण उतारावरचा तोंडावर आपटतो. शेवटी त्याला चिखलात रुतवून बसवावे लागते. किल्ला दिसतो सुंदर, पण मावळा जागचा हलत नाही!

समजा, हा मावळा हलवायचा आहे. एका मित्राने एक फौज घ्यायची, दुसऱ्याने दुसरी, आणि इतिहासातील एखादी लढाई नियमांनी खेळून पाहायची. त्यासाठी जमीन कशी हवी? ती खऱ्या जागेसारखी दिसली पाहिजे, तिच्यावर सैनिक उभे राहिले पाहिजेत, हात सगळीकडे पोहोचला पाहिजे, आणि खेळ संपल्यावर ती उचलून पलंगाखाली ठेवता आली पाहिजे. या चार अटी एकमेकींशी भांडतात. हे भांडण मिटवायला थोडे गणित, थोडे भूगोल आणि थोडे पदार्थविज्ञान लागते. ते कसे, हेच आज पाहू.

राजाच्या टेबलापासून मुलांच्या खोलीपर्यंत

हा खेळ नवा नाही. प्रशिया देशातील राइसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाळूवर डोंगरनद्या कोरून लढाईचा खेळ मांडला. राजाने तो पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा नुसती वाळू राजापुढे कशी न्यावी, म्हणून १८१२ साली त्याने एक खास टेबल तयार केले. त्यावर मांडायला चौकोनी तुकडे होते. प्रत्येक तुकड्यावर टेकडी, नदी किंवा रस्ता उठावात दाखवलेला असे, आणि ते हवे तसे जुळवता येत. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने हाच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर आणला आणि प्रशियन सैन्यातील अधिकारी तो शिकू लागले.

नंतर १९१३ साली, ‘टाइम मशीन’ लिहिणारे प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले आणि शिशाच्या सैनिकांचा हा खेळ घराघरांत नेला. त्यांची टेकडी म्हणजे लाकडी फळ्या आणि ठोकळे. जमिनीवर पसरले की डोंगर, आवरले की खोली मोकळी!

कोणती लढाई निवडायची?

सपाट मैदानावरची लढाई मांडायला सोपी, पण जमिनीचे महत्त्व तिच्यात फारसे कळत नाही. आपण उंबरखिंड घेऊ. शाएस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला असता त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवले. १६६१ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी ही हजारोंची फौज लोणावळ्याजवळून घाट उतरून उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिरली. शिवाजी महाराजांची माणसे दोन्ही बाजूंच्या रानात दबा धरून होती. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, आणि पाण्याचे हाल. अखेर खान शरण आला, खंडणी आणि सामानसुमान देऊन परत गेला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगाचे वर्णन आहे. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ ही जागा आजही पाहता येते.

संख्येने मोठी फौज इथे का हरली, याचे उत्तर बरेचसे जमिनीत आहे. म्हणून जमीन नीट करायची.

एक सेंटीमीटर म्हणजे वीस मीटर

पहिला प्रश्न प्रमाणाचा. आपण १:२००० हे प्रमाण घेऊ, म्हणजे टेबलावरचा १ सेंटीमीटर हा जमिनीवरच्या २० मीटरइतका. १२० सें.मी. लांब आणि ९० सें.मी. रुंद टेबलावर २४०० मीटर लांब आणि १८०० मीटर रुंद प्रदेश मावतो. रुंदी ९० सें.मी.हून जास्त ठेवू नका. दोन्ही बाजूंनी उभे राहिले तरी मधल्या भागापर्यंत हात पोहोचला पाहिजे, नाहीतर बाहीने अर्धी फौज आडवी होते!

आता सैनिक. खेळातला मावळा साधारण २ सें.मी. उंच असतो. आपल्या प्रमाणात २ सें.मी. म्हणजे ४० मीटर! खऱ्या प्रमाणातला माणूस एक मिलिमीटरही भरणार नाही. म्हणून अशा खेळात दोन प्रमाणे मुद्दाम वेगळी ठेवतात : जमिनीचे एक आणि सैनिकांचे दुसरे. ही तडजोड मोठमोठ्यांनाही करावी लागली आहे. वॉटर्लूच्या १८१५ सालच्या लढाईची भव्य प्रतिकृती कॅप्टन विल्यम सायबोर्न यांनी केली आणि १८३८ साली लंडनमध्ये ती लोकांना दाखवली. जमिनीचे प्रमाण मैलाला ९ फूट होते. त्या हिशेबाने माणूस ३ मिलिमीटरपेक्षाही लहान हवा, पण सायबोर्नचे सैनिक सुमारे एक सेंटीमीटर उंच होते. नाहीतर ते दिसलेच नसते.

यातून एक नियम निघतो : एक झाड म्हणजे झाडांचा समूह, एक झोपडी म्हणजे एक वाडी, आणि सैनिकांचा एक छोटा गट म्हणजे एक तुकडी. गट ज्या पुठ्ठ्यावर चिकटवाल तो २ सें.मी. लांब घ्या. हा पुठ्ठा, म्हणजेच त्या गटाचा पाया, जमिनीवर ४० मीटर जागा व्यापतो.

नकाशातून टेबलावर

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे तुमच्या भूगोलाच्या सरांना माहीत असतात. त्यांवर समोच्चरेषा साधारणपणे २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. म्हणजे आपल्या टेबलावर एकेका समोच्चरेषेसाठी बरोबर १ सें.मी. जाडीचा थर लागणार. उंची मुद्दाम वाढवायची गरजच नाही.

नकाशा २५ पटींनी मोठा करायचा आहे. आपला सगळा प्रदेश नकाशावर अवघा ४.८ × ३.६ सें.मी. भरेल. त्यावर २ मिलिमीटरच्या चौकटी आखा आणि टेबलाच्या मापाच्या कागदावर ५ सेंटीमीटरच्या चौकटी आखा. समोच्चरेषा लहान चौकटीला जिथे छेदते, तिथेच ती मोठ्या चौकटीला छेदेल. भिंग घेऊन शांतपणे केले तर दोन संध्याकाळी पुरतात.

थरांसाठी थर्माकोल आणू नका. सजावटीसाठी त्याच्या वापरावर महाराष्ट्रात २०१८ सालापासून बंदी आहे, तो कुजत नाही, आणि काही रंगांतील व गोंदांतील द्रावके त्याला विरघळवून टाकतात. त्यापेक्षा वाण्याकडची जाड खोकी मागून आणा. पुठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजा. ती ५ मिलिमीटर असेल तर दोन पुठ्ठे मिळून आपला एक थर झाला.

मावळा का पडतो?

इथे खरा पेच येतो. समोच्चरेषांमधल्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने बुजवून गुळगुळीत उतार केला, तर डोंगर देखणा होतो, पण दिवाळीच्या किल्ल्याचीच कथा पुन्हा घडते. ती का घडते हे एका प्रयोगाने पाहा.

एक फळी घ्या. तिच्यावर सैनिक ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. दोनपैकी एक गोष्ट होईल : तो घसरेल किंवा कलंडेल. घसरणे हे घर्षणावर अवलंबून असते. घसरायला लागला त्या क्षणी फळीच्या उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला आडव्या अंतराने भागा. उंची १२ सें.मी. आणि आडवे अंतर ३० सें.मी. आले, तर भागाकार ०.४ आणि कोन सुमारे २२ अंश. हा भागाकार म्हणजेच त्या दोन पृष्ठभागांचा घर्षणांक. फळीला वाळू चिकटवून प्रयोग पुन्हा करा, तो वाढलेला दिसेल.

कलंडणे मात्र गुरुत्वमध्यावर अवलंबून असते. सैनिकाचा गुरुत्वमध्य पायापासून १ सें.मी. उंचीवर आहे आणि पाया १ सें.मी. रुंद आहे असे धरा. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा पायाच्या बाहेर गेली की तो पडणार, आणि हे सुमारे २७ अंशांवर घडते. तोच पाया २ सें.मी. रुंद केला तर ४५ अंशांपर्यंत तो टिकतो. पायाखाली लोखंडी वायसर चिकटवला तर गुरुत्वमध्य खाली उतरतो आणि मावळा आणखी खंबीर होतो. दीपमाळेचा पाया रुंद का असतो, हे आता सांगायला नकोच.

तरीही सह्याद्रीचा चढ इतका उभा, की गुळगुळीत उतारावर रुंद पायाचा गटही घसरेल. मग करायचे काय? पायऱ्या बुजवायच्याच नाहीत!

सह्याद्रीच पायऱ्यांचा आहे

परदेशात असे खेळ खेळणारे लोक पायऱ्यांच्या टेकड्या करतात, पण थोड्या नाइलाजाने, कारण तिकडच्या गोलसर टेकड्या तशा नसतात. आपले नशीब चांगले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे एकावर एक थर पसरले. प्रत्येक थराचा घट्ट, टणक भाग सावकाश झिजतो आणि त्याचा उभा कडा बनतो. थराच्या वरच्या बाजूला वायूच्या बुडबुड्यांमुळे दगड सच्छिद्र राहतो. तो लवकर झिजतो आणि तिथे सपाट पट्टा तयार होतो. पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द ‘पायऱ्या’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पावसाळ्यानंतर लोणावळ्याच्या बाजूने जाताना डोंगराकडे पाहा. कड्यांच्या आडव्या रेघा आणि त्यांमधले गवताचे पट्टे स्पष्ट दिसतात.

म्हणजे जी पायरी खेळासाठी सोयीची, तीच इथे भूगोलाच्या दृष्टीनेही खरी! देखणेपण आणि उपयोग यांचे भांडण सह्याद्रीने आधीच मिटवून ठेवले आहे.

आता कापण्याचा नियम ठरवू. सैनिकांचा पाया २ सें.मी.चा, म्हणून प्रत्येक पायरी निदान २.५ सें.मी. रुंद हवी. मोठ्या केलेल्या नकाशावर समोच्चरेषा याहून जवळ आल्या, तर दोन किंवा तीन थर सरळ एकाखाली एक कापा. तो झाला कडा. त्याच्यावर मिळालेल्या जागेत रुंद पट्टा ठेवा. कड्यात जिथे ओहोळाची घळ असेल तिथे खाच कापून अरुंद पायऱ्या करा, कारण माणसे तिथूनच चढणार. घाटमाथ्यापर्यंतचा सगळा डोंगर मात्र करू नका. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, आणि पायथ्याची खोपोली सुमारे ६० मीटर. एवढी उंची केली तर टेबलावर पाऊण हाताची भिंत उभी राहील आणि समोरचा मित्रच दिसणार नाही! खिंड आणि तिच्या दोन्ही अंगांचे खालचे दहाबारा थर पुरेत.

पुठ्ठा वाकतो तेव्हा

सगळी रणभूमी एकसंध करू नका. ३० × ३० सें.मी.चे बारा चौकोन करा, प्रत्येकाला मागे क्रमांक घाला आणि शेजारच्या चौकोनाशी कडा जुळते की नाही हे कापतानाच पाहा. एक चौकोन बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो, आणि बारा मुलांच्या वर्गाला काम वाटूनही घेता येते.

थर चिकटवायला मैद्याची खळ चालते. तिला कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, म्हणून ते काम मोठ्यांकडून करून घ्या आणि हात स्वच्छ धुवा. खळ लावली की एक अडचण हमखास येते : वाळताना पुठ्ठा पत्रावळीसारखा वाकतो. कागदाचे तंतू ओले झाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. एकाच बाजूला ओला कागद चिकटवला, तर आकसताना ती बाजू सगळ्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. उपाय सोपा आहे. जेवढा कागद वर, तेवढाच खाली चिकटवा आणि दोन्ही ओढींची बरोबरी करा. मग वर पाट व वह्यापुस्तकांचा भार ठेवून दोन दिवस वाळू द्या.

रंग फेब्रुवारीचा हवा

आता सजावट. इथे बहुतेकांचा हात हिरव्या रंगाकडे जातो. थांबा! लढाई कोणत्या महिन्यातली? फेब्रुवारीतली. तेव्हा सह्याद्रीतले गवत वाळून पिवळट झालेले असते, पुष्कळ झाडांची पाने गळू लागलेली असतात आणि ओढ्यांचे पाणी आटून डोह तेवढे उरलेले असतात. श्रावणातला हिरवा डोंगर कितीही सुंदर दिसला तरी या लढाईपुरता तो खोटा आहे.

लाकडाच्या वखारीतला भुसा चाळून घ्या आणि पिवळा, तपकिरी व थोडा हिरवा अशा तीन रंगांत रंगवून वाळवा. पायऱ्यांवर पातळ गोंद लावून तो पेरा. कड्यांना काळसर करडा रंग द्या. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिकट करडा रंग नुसता वरवर फिरवा. उंचवट्यांनाच रंग लागतो, खाचा काळ्या राहतात, आणि पुठ्ठ्याचा दगड होतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून रंगवली की झाडांचे उत्तम शेंडे तयार होतात आणि काथ्याचे तुकडे उभे चिकटवले की वाळके गवत होते. नदीच्या डोहाला मध्ये गडद आणि काठाला फिकट रंग द्या, कारण पाणी जितके खोल तितका त्यातून परत येणारा प्रकाश कमी. वर व्हार्निशचे दोन हात दिले की पाणी चमकू लागेल.

झाडे मात्र जमिनीला चिकटवू नका. रानाचा भाग गडद भुशाने दाखवा आणि झाडे वायसरावर बसवून त्यात सुटी ठेवा. तुकडी रानात शिरली की झाडे बाजूला करा, बाहेर पडली की परत ठेवा. रानाची हद्द भुशाने कायम राहते, म्हणून भांडणाला जागा उरत नाही.

आता खेळून पाहा

जमीन चांगली झाली की नाही, हे ती खेळाला काय शिकवते यावरून ठरते. सामानासह चालणारी फौज सपाटीवर ताशी ४ किलोमीटर जाते असे धरू. एक खेळी म्हणजे ३ मिनिटे धरली तर २०० मीटर, म्हणजे टेबलावर १० सें.मी. चढावर काय? स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ साली एक ठोकताळा दिला : दर २००० फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर चढाईला एक तास जास्त धरावा. म्हणजे मिनिटाला १० मीटर. आपली एक पायरी २० मीटरची, तिला २ मिनिटे गेली. खेळीतला एकच मिनिट उरला, त्यात जेमतेम ३ सें.मी. वाट सरते. वरून दगड आणि बाण येत असताना पायरी चढणाऱ्याची अवस्था तुम्हीच ओळखा.

आता खिंडीतली फौज मांडा. वाट अरुंद, दोघेच शेजारी शेजारी चालू शकतात, आणि प्रत्येक ओळीला २ मीटर लागतात असे समजा. हजार माणसांच्या पाचशे ओळी, म्हणजे १००० मीटर लांब रांग, टेबलावर ५० सें.मी.! पायांचे पंचवीस गट एकामागे एक ठेवून पाहा. दहा हजार माणसे घेतली तर रांग १० किलोमीटरची होते, आपल्या टेबलाच्या चौपटीहून लांब. पुढचा माणूस अडला हे मागच्याला कळणार केव्हा? आणि लढणार किती? पुढचे दोघे! हजारोंची फौज त्या वाटेत हजारोंची राहतच नाही.

कोण कोणाला पाहू शकतो हे ठरवायला दोघांमध्ये दोरा ताणा. तो मध्ये कुठे पुठ्ठ्याला टेकला तर दृष्टी अडली. पण दोरा सैनिकाच्या डोक्यापासून धरू नका, पायापासून धरा. डोके जमिनीच्या प्रमाणात ४० मीटर उंच आहे हे आठवते ना? आरशाचा छोटा तुकडा सैनिकाच्या जागी तिरपा धरून वरून त्यात पाहिले तर खिंडीतून दोन्ही अंगांचे कडे कसे दिसतात तेही कळेल.

प्रतिकृती म्हणजे एक विधान

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. सायबोर्नने वॉटर्लूच्या रणांगणावरच आठ महिने राहून मोजणी केली आणि लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोण कोठे होते हे विचारले. सरकारने पैसे देणे थांबवले तरी त्याने स्वतः खर्च सोसून काम पुरे केले. तरीही प्रशियन सैन्य नेमके कोठे दाखवावे यावरून मोठा वाद झाला. शिशाचे इवलेसे सैनिक, पण ते इकडे ठेवले की विजयाचे श्रेय एकाला आणि तिकडे ठेवले की दुसऱ्याला! ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

म्हणून तुमची रणभूमी पुरी झाली की तिच्याशेजारी एक कागद लावा. नकाशावरून काय घेतले, कड्यांसाठी कोणते थर एकत्र केले, कोणत्या वाटा आणि राने अंदाजाने दाखवली, हे त्यावर प्रामाणिकपणे लिहा. पाहणारा शंका घेईल, एखादा जाणता दुरुस्ती सुचवेल. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका. तो चौकोन उचला आणि पुन्हा करा. बारा तुकडे केले ते एवढ्यासाठीच!

येत्या दिवाळीत अंगणात किल्ला जरूर करा. पण एक खोके बाजूला ठेवा, आणि त्यातून सह्याद्रीची पहिली पायरी कापा.